भोक दिसलं की एच७, पिन दिसली की जी६ : ही सवय कधी जाणार?

कागदी_वाघ
आज तपासायला आलेल्या ड्रॉइंगमध्ये मशीनच्या जाळीच्या झाकणाची बिजागरी होती. पिन १२ मिमी आणि फिट (पिन भोकात किती सैल वा घट्ट बसावी ते) काय, तर एच७/जी६! आधीचा कोड भोकाचा, मोठ्या अक्षरात; नंतरचा पिनचा, छोट्या अक्षरात. म्हणजे १२ च्या मापापासून भोक ० ते +१८ मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग), पिन −६ ते −१७. झाकण दिवसातून दोनदा उघडतं, त्याला एवढी नजाकत कशाला? एच९/डी९ दिला तर फट ५० ते १३६ मायक्रॉन पडते, पिन ग्राइंड करावी लागत नाही, थोडी धूळ गेली तरी अडकत नाही. मी तर म्हणतो, अशा जागी शाफ्ट-बेसिस घ्या, म्हणजे पिनचं माप कायम ठेवून भोक बदला. ब्राइट बार (तयार मापाची गुळगुळीत सळई) बहुधा छोट्या एच९ मध्येच मिळतो. तो नुसता कापून घाला आणि सैलपणा भोकात द्या, डी१० म्हणून. आधी काम बघायचं, मग फिटचा तक्ता उघडायचा. आपण उलटं करतो.

लेथवाला
अजिबात सहमत नाही. १२ एच७ चा रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार) आणि प्लग गेज (भोक तपासायचा दोन टोकांचा दांडा) माझ्या कपाटात आहे, डी१० चं काहीच नाही. ११.८ चा ड्रिल, मग रीमर, गेजची गो बाजू गेली, नो-गो अडली की माप बरोबर, पुढचा जॉब. भोक एच७ च राहू द्या, पिन डी९ करा. फट ५० ते १११. झालं की तुमचं काम!

कागदी_वाघ
पण मग पिन लेथवर टर्न करावी लागणार, तयार बारचा फायदा गेला. १२.१ चा ड्रिल मारून सोडून द्या, गेज कशाला?

लेथवाला
१२.१ च्या ड्रिलने भोक १२.१ च पडतं असं वाटणाऱ्याने ड्रिल कधी स्वतः घासलेला नसतो. एक धार जरा लांब राहिली की भोक मोठं. आणि डी१० ची वरची हद्द १२.१२. उरले किती? २० मायक्रॉन.

गोळी_आणि_रिंग
"काम बघून ठरवा" मान्य, पण काम बघणं म्हणजे दर वेळी सैल करणं नव्हे. मागे एका गिअरबॉक्सचा २५ चा शाफ्ट खोलला. बेअरिंग ६२०५ (आतून २५, बाहेरून ५२ मिमी), आणि आतली रिंग चक्क हाताने निघाली. खाली लालसर तपकिरी भुकटी, शाफ्टवर रिंगच्या रुंदीएवढा चकचकीत पट्टा. ड्रॉइंगवर छोटा एच६, "काढायला सोपं" म्हणून! बेअरिंगचं भोक ० ते −१०, शाफ्ट ० ते −१३. नशीब असेल तर १० घट्ट, नसेल तर १३ सैल. लोड एका दिशेने आणि शाफ्ट फिरता असला की सैल रिंग शाफ्टवर हळूहळू सरकते आणि त्याला खात जाते. के६ (+२ ते +१५) असता तर वाईटात वाईट जोडीही २ मायक्रॉन घट्टच बसली असती.

कागदी_वाघ
हे पटलं. फक्त के६ चीही उद्या सवय व्हायची. घट्ट बसवलेली रिंग फुगते, गोळ्यांची फट कमी होते. जास्त घट्ट किंवा गरम जागी सी३ (आत जास्त फट ठेवलेलं बेअरिंग) बघावं लागतं. आणि हाउसिंग (बेअरिंग बसतं ते घर) ॲल्युमिनियमचं असेल तर ५२ चं भोक ६० अंशांनी तापल्यावर बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगपेक्षा साधारण ३५ मायक्रॉन जास्त उघडतं. तक्त्यातली मापं २० अंशांची आहेत, हे कुणाला आठवतं?

मापाडी
तुमच्या भांडणात आकार राहिला. १२० लांबीची पिन जागोजागी मोजली तर जी६ मध्ये चोख, पण मधे ३० मायक्रॉन वाकलेली. लांब भोकात ती जाईल का? आयएसओ ८०१५ या ड्रॉइंगच्या मानकाप्रमाणे नुसत्या मापाच्या टॉलरन्समध्ये (मापाला दिलेल्या सुटीत) सरळपणा येत नाही. गोलातला ई (आकारही मापाच्या हद्दीत राहावा अशी खूण) किंवा सरळपणाचा टॉलरन्स वेगळा लिहावा लागतो. फिटर मग हातोडी घेतो आणि शिव्या लेथवाल्याला पडतात.

लेथवाला
पडतात. रोज.

कागदी_वाघ
बरं, बिजागरीला एच७/डी९ करून ड्रॉइंग परत पाठवतोय. रीमरसाठी, तुमच्या युक्तिवादासाठी नव्हे. दोन्ही कानांतली भोकं एका रेषेत किती हवीत, ते मापाडींनी सांगावं.