‘इंटरसेक्शनॅलिटी’ मंडळाला कशी सांगू? (प्रश्न बाजारातल्या संडासापासून सुरू झालाय)

परसातली सुरंगी:

नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीण. आमच्या महिला मंडळात ८ मार्चला दर वर्षी एक भाषण असतं, मग बटाटवडा नि चहा. यंदा भाषण माझ्या गळ्यात आलंय. लेक पुण्यात शिकते, तिने विषय दिला: इंटरसेक्शनॅलिटी. मी म्हटलं, बाये, हा शब्द उच्चारेपर्यंत वडे निवतील. तरी तिने फोनवर अर्थ सांगितला: बाई असणं, जात, गरिबी, भाषा, या अडचणी एकाच बाईवर एकत्र आल्या की तिचा त्रास वेगळाच होतो, तो नुसत्या ‘बायकांच्या’ प्रश्नात दिसत नाही. आणि मला बाजार आठवला. तो किस्सा आधी, प्रश्न मागाहून.

तीन वर्षांमागे शेजारच्या तालुक्यातल्या एका बाजारात (नाव नको, सगळी ओळखीची माणसं आहेत) बायकांसाठी संडास नव्हता. आमच्या मंडळाने ते काम हातात घेतलं. गाळ्यागाळ्यांतून फिरून ६२ सह्या घेतल्या, पालिकेत चार खेपा घातल्या, शेवटी संडास झाला. उद्घाटनाचा नारळ आम्हीच फोडला. पेपरात फोटो आला, त्यात मी उजवीकडून दुसरी, कांजीवरम नेसलेली.

गेल्या वैशाखात काही कामानिमित्त पहिल्या बसने तिथे उतरले. पहाटेचे साडेपाच. गाळ्यांची शटरं बंद, पण रस्त्याच्या कडेला गोणपाटं पसरून बायका कधीच्याच बसल्या होत्या. एक गावडा या आदिवासी समाजातली, माझ्याच वयाची. समोर तांबड्या भाजीच्या जुड्या, थोडी आमसुलं, केळीच्या पानात गुंडाळलेल्या अबोलीच्या वेण्या. जुड्यांवर पाणी शिंपडत होती. चार बोटं बुडवायची, झटकायची, पुन्हा बुडवायची. मी सहज म्हटलं, बरं झालं हो, आता तुमची सोय झाली. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी चष्मा पुसायला काढला.

“हांव उदकच पियेना गो बाय,” म्हणाली.

संडास उघडतो ९ वाजता. त्या येतात पाचला. आत जायला दर खेपेला ५ रुपये. १५ रुपयांची जुडी विकणाऱ्या बाईने दिवसातून तीनदा जायचं म्हटलं तर एक जुडी तिथेच गेली. वर सोपोवाला (बाजारात बसायचा कर घेणारा) रोज पावती फाडतो ती वेगळीच. म्हणून घरून निघाल्यापासून दुपारी परत पोहोचेपर्यंत पाण्याचा घोट नाही. लघवी तुंबून दोनदा ताप आलाय, डॉक्टरने पाणी पी म्हणून सांगितलंय. हे सांगून ती हसली.

तिच्या पलीकडे एक लमाणी (बंजारा) बाई, मण्यांच्या माळा नि चादरी घेऊन. ती तर ९ नंतरही जाऊ शकत नाही. गावडा बायका एकमेकींच्या पाट्या राखतात. हिची राखायला कोणी नाही. उठली की जागा गेली. तिला कन्नड येतं, घरची भाषा लमाणी, आणि कोकणी फक्त भाव करण्यापुरती. पालिकेत जाऊन ती काय बोलणार?

आमच्या ६२ सह्यांत या दोघींपैकी एकीचीही नव्हती. आम्ही ‘बायकांना’ विचारलं होतं, खोटं नाही. पण विचारलं गाळेवाल्यांना. त्यांना नोकर आहे, कुलूप आहे, ९ला दुकान उघडतं.

तर प्रश्न दोन. याला मराठीत बायकांना कळेल असा शब्द कोणता? आणि ज्यांनी तो नारळ फोडला त्याच बायकांसमोर मी हे बोलणार आहे, तर रागावून उठून न जाता ऐकतील असं कसं सांगू?

तिठ्यावरचा वकील:

बाई, नमस्कार. पुस्तकांत ‘आंतरछेदिता’ म्हणतात. मंडळात हा शब्द काढलात तर खरंच वडे निवतील. आपल्याकडचा ‘तिठा’ घ्या, तीन रस्ते मिळतात तो नाका.

किंबर्ले क्रेनशॉ या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कायदेपंडित बाईंनी १९८९ साली हा शब्द मांडला, आणि दाखला दिला तो चौकाचाच. गाड्या चहूकडून येतात. मधोमध उभ्या माणसाला धडक बसली तर ती एका रस्त्यावरून आलेली असेल किंवा सगळ्याच रस्त्यांवरून. तिठ्यावर अपघात झाला की काय होतं हे गोव्यात कोणाला सांगायला नको. एक पोलीस आउटपोस्ट म्हणतं हद्द त्यांची, दुसरं म्हणतं यांची, आणि जखमी माणूस डांबरावर.

त्यांनी लिहिताना एक जुना खटला पुढे ठेवला होता. जनरल मोटर्स या मोटार कंपनीवर पाच कृष्णवर्णीय बायकांनी दावा लावला होता, निकाल १९७६चा. १९६४पूर्वी कंपनीने कृष्णवर्णीय बाई कामावर घेतलीच नव्हती. पुढे मंदी आली, कपात झाली, नियम असा की शेवटी आलेला आधी घरी. म्हणजे या बायका घरी. कोर्टाने काय म्हणावं? कंपनीत बायका होत्या, मग बाई म्हणून भेदभाव कसा? त्या बायका गोऱ्या, ऑफिसातल्या. आणि कृष्णवर्णीय म्हणून अन्याय झाला असेल तर त्याचा दावा वेगळा चालतो, तिकडे जा. दोन्ही मिळून तिसरं काही असतं, हे मान्यच नाही. तुमची लमाणी बाई हीच. बायकांचा संडास झालाय की, आणि फेरीवाल्यांना सोपोची पावतीही मिळते की!

ही कल्पना परदेशी आहे असं कोणी म्हणालं तर मुक्ता साळवे सांगा. पुण्यात फुल्यांच्या शाळेत शिकणारी मांग समाजातली मुलगी, १८५५ साली तिचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. त्यात ती लिहिते की आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परही नसतं, थंडीपावसात त्यांचे काय हाल होत असतील. बाळंतपण सगळ्या बायकांचंच, पण छप्पर नसलेलं बाळंतपण कोणाचं, ते तिने नेमकं दाखवलं. तेव्हा तिला क्रेनशॉ कुठून माहीत असणार.

कुळागरवाला:

राग मानू नका, पण जातभाषा काढून बायकाबायकांत भांडणं लावायची ही नवी फॅशन आहे. गोव्यात बाईला जे आहे ते देशात कुठे नाही. १८६७चा पोर्तुगीज सिव्हिल कोड: नवऱ्याच्या मालमत्तेत अर्धा वाटा, मुलींना मुलांच्या बरोबरीने. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान, सगळ्यांना एक. आणखी काय हवं?

तिठ्यावरचा वकील:

कुळागरवाले, कोड चांगलाच आहे, मी त्यावरच पोट भरतो. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर जमीनजुमला दोघांचा, विकायचा तर बायकोचीही सही लागते. पण अर्ध्याचं अर्ध करायला आधी काहीतरी पूर्ण असावं लागतं. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, सुनेला भाटाचा (बागायतीचा) अर्धा वाटा. भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्या मुंडकाराच्या सुनेला कशाचा? १९७५च्या कायद्याने मुंडकाराला राहतं घर विकत घ्यायचा हक्क दिला, ठीक. त्यासाठी माम्लेदाराकडे (तुमच्या तहसीलदारासारखा अधिकारी) किती वर्षं खेटे घालावे लागतात ते माझ्या अशिलांना विचारा. आणि ‘सगळ्यांना एक’ म्हणताय म्हणून सांगतो: १८८०च्या हुकुमात हिंदू पुरुषाला काही अटींवर दुसऱ्या लग्नाची सवलत आहे, बायकोला पंचविशीपर्यंत मूल झालं नाही किंवा तिशीपर्यंत मुलगा झाला नाही तर. ख्रिस्ती बाईच्या वाट्याला हे नाही. व्यवहारात कोणी वापरत नाही म्हणतात. मग काढून का टाकत नाहीत?

तंबोरा:

सुरंगीताई, तुमचं वाचून माझी आजी आठवली. वेगळ्याच टोकाची गोष्ट आहे, पण लिहिते.

आजी कलावंत घराण्यातली. देवळाच्या सेवेतलं घर. घर तिच्या आईच्या नावावर, पैसा तिच्या हातात, गाणं उस्तादांकडून रीतसर शिकलेलं. त्या काळात ब्राह्मणांच्या सुनांना उंबऱ्याबाहेर पाय टाकायची चोरी होती, आजी मैफलीला मुंबईला जाऊन येई. आता यावरून ती मोकळी होती म्हणायचं का? देवळासमोर गायची, पण कोणाच्या हळदीकुंकवाला बोलावणं यायचं नाही. माझ्या वडिलांना शाळेत घालताना मास्तरांनी विचारलं, बापाचं नाव? आजीने स्वतःचं सांगितलं. मास्तरांनी दौत बाजूला सारली. हे वडील म्हातारपणीही सांगायचे आणि ‘दौत’ म्हणताना हात तसाच सारायचे.

मग समाजात सुधारणा आली. राजाराम पैंगिणकरांसारख्या माणसांनी जन्म वेचला, मुलींची लग्नं लावली, शाळा दाखवल्या. त्यांचे उपकार आहेत, मी आज बँकेत आहे ती त्यामुळेच. आमच्या या समाजाला आता गोमंतक मराठा समाज म्हणतात; त्यातलेच दयानंद बांदोडकर गोव्याचे पहिले मुख्यमंत्री, आणि १९७३ साली त्यांची मुलगी शशिकलाताई काकोडकर गोव्याची पहिली स्त्री मुख्यमंत्री. पण घरोघरी झालं काय, तर इभ्रत पाहिजे म्हणून गाणं बंद. आत्याचं लग्न ठरलं तेव्हा सासरच्यांना कळू नये म्हणून तंबोरा गोधडीत गुंडाळून माळ्यावर टाकला. गोधडीला नाडीने तीन गाठी. मी लहानपणी तिला आजारी माणूस समजायचे.

केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई, या आमच्यातल्याच मोठ्या गायिका, त्यांची नावं आज सगळे अभिमानाने घेतात. केसरबाईंची भैरवी १९७७ साली नासाच्या व्हॉयेजर यानातून सूर्यमालेबाहेर निघाली. आमच्या आजीचं गाणं माळ्यावरून खाली आलं नाही. सुधारणा हवी की नको, कशी हवी, हे तिला कोणी विचारलं नव्हतं. म्हणून त्या ६२ सह्या वाचल्यावर थांबले.

बायका उठून जातील का, विचारलंत. मला वाटतं तुम्ही कांजीवरमापासून सुरुवात करा. स्वतःवर हसलात की बाकीच्या बसतील.

चंदगडची लेक:

मी पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. लग्न होऊन ९ वर्षं झाली, आम्ही दोघंही चंदगडचे, नवरा वेर्ण्याला कंपनीत. मी चार घरी पोळ्या करते. मुलं इथलीच, कोकणीत भांडतात. पण गृह आधारचे (गोवा सरकारची गृहिणींसाठीची योजना) महिना १५०० रुपये मागायला गेले तर १५ वर्षांचा रहिवास लागतो म्हणाले. नियम आहे तर आहे. खिडकीवरच्या बाईंनी कागद परत देताना मागच्या टेबलाकडे बघून “घाटी” म्हटलं ते मात्र नियमात नसावं. त्याही बाईच. त्यांच्या टेबलावर महिला दिनाचं कॅलेंडर होतं.

हे लिहायला बसले होते तक्रार म्हणून. पण सुरंगीताईंची लमाणी बाई वाचली आणि आठवलं, गेल्या आठवड्यात मी अशाच एकीला चादरीचा भाव करताना “ए, काय गं, नीट बोल” म्हटलं. ती माझ्या आईएवढी होती. मला घाटी म्हटलेलं चार वर्षं लक्षात आहे आणि हे चार दिवसांत विसरले होते.

परसातली सुरंगी:

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. वकीलसाहेब, तिठा घेतला. तंबोराताई, गोधडीच्या गाठी डोक्यातून जात नाहीत. परवानगी असेल तर भाषणात सांगेन, नाव गाव काही न घेता. कुळागरवाले, तुम्ही वड्यांना या, तुमच्यासारखे दोघेतिघे आमच्यातही आहेत, सगळ्या बायकाच.

चंदगडकरीणबाय, तुम्ही चुकलेलं काही नाही. माझ्या शाळेत धनगरवाड्यावरची एक मुलगी पावणेदोन तास चालून यायची आणि मी तिला उशिरा आली म्हणून दारात उभी करायचे. एक अख्खा पावसाळा. ते कधी कोणाला सांगितलं नव्हतं.

आता बातमी. काल पुन्हा पहिल्या बसने गेले होते, या वेळी पालिकेत नाही, आधी गोणपाटावर. दोन तास बसले, गुडघे धरले. पालिकेचा माणूस म्हणतो, पाचला उघडायला हरकत नाही, पण त्याची ड्यूटी ९ची, चावी कोणीतरी जबाबदार माणसाने ठेवावी. मंडळाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, गाळेवाल्यांपैकी कोणाकडे देऊ. गावडा बाई म्हणाली, आमच्याकडे द्या. लमाणी बाई काहीच बोलली नाही, चादरीची घडी घालत राहिली. चावी गावडा बायकांकडे गेली तर हिला मिळेल का, हे मी तिला विचारायला हवं, आणि ते त्यांच्यासमोर नाही.

तर नवा प्रश्न: इथे कोणाला कन्नड येतं का? लमाणी येत असेल तर उत्तमच. सोमवारी पहाटे माझ्याबरोबर यावं लागेल. बस ४:५०ची आहे, चहा थर्मासमधून आणते.