प्लग बसतो म्हणून लावू नका

मालवणच्या एका दादांनी विचारलंय, जुन्या 'टीव्ही गेम'चं नऊ पिनांचं पॅड (बटणांचा कंट्रोलर) सेगा मेगा ड्राइव्ह या गेम कन्सोलला चालेल का. प्लग बसेल हो, पण बटणं चालायची नाहीत. मेगा ड्राइव्हच्या तीन बटणांच्या पॅडात मल्टिप्लेक्सर, म्हणजे दोन संचांतून एक निवडणारी चिप असते. सिलेक्टची तार वर-खाली झाली की त्याच पिनांवर दुसरी बटणं दिसतात. आपल्याकडची ती पॅडं बहुतेक निन्टेन्डोच्या नकला, आत शिफ्ट रजिस्टर, म्हणजे बटणांची स्थिती धरून ती एकेक करून पाठवणारी चिप. कन्सोल लॅच (स्थिती धरून ठेवण्याचा इशारा) देतो आणि क्लॉकच्या ठोक्यागणिक ८ बटणं एकाच तारेवरून ओळीने वाचतो. शिवाय मेगा ड्राइव्हचे ५ व्होल्ट ५ नंबरच्या पिनेवर येतात; नकलांमध्ये कुठे असतील याचा भरवसा नाही. म्हणून आधी मल्टिमीटर घ्या.

कन्सोल सुपर निन्टेन्डो असेल तर मजा आहे. पद्धत निन्टेन्डोचीच, फक्त ठोके ८ ऐवजी १६. तारा नीट जोडल्या की बहुधा चालतं. 'ए' दाबल्यावर 'बी' आणि 'बी' दाबल्यावर 'वाय' लागेल. पीसीवर खेळायचं तर मधे प्रो मायक्रो हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड घाला, प्रोग्राम टाकला की तो थेट यूएसबी गेमपॅड बनतो.

आणि हो, सोल्डरिंगला बसण्याआधी पिना बघा. आपल्या खाऱ्या हवेत त्यांवर हिरवा थर चढतो, तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. अर्धी पॅडं तेवढ्यानेच जागी होतात.