मदत हवी आहे: अमोनिया गेला, नायट्रोजन जाईना

घाईत_आहे: सांडपाणी प्रकल्पात अमोनिया लिटरला २ मिग्रॅवर आलाय, तरी एकूण नायट्रोजन ४०. हवा सोडणारे सगळे ब्लोअर जोरात चालू आहेत. आणखी एक लावू का? उद्या नमुना द्यायचाय. पुस्तकी उत्तरं नकोत.

निवळी: नायट्रेट किती? सामू? अनॉक्सिक, म्हणजे बिनऑक्सिजनची टाकी आहे का?

क्लोरीनवाला: सरळ क्लोरीन मारा. ब्रेकपॉइंट, म्हणजे सगळा अमोनिया संपेल इतकं क्लोरीन, गाठला की विषय संपला.

निवळी: अहो, ब्रेकपॉइंटने अमोनिया जातो, नायट्रेट नाही. यांचा अमोनिया आधीच गेलाय. शिवाय १ किलो अमोनिया-नायट्रोजनला कागदावरच ७.६ किलो क्लोरीन, प्रत्यक्षात त्याहून जास्त.

क्लोरीनवाला: माझ्याकडे चालतं. बाकी तुमची मर्जी.

घाईत_आहे: नायट्रेट-नायट्रोजन ३६, सामू ६.५. ब्लोअरचं सांगा ना कोणीतरी!

गाळमित्र: नको. अमोनियाचं नायट्रेट झालंय, पण नायट्रेटचा वायू व्हायचा राहिलाय. ते काम करणाऱ्या जिवाणूंना ऑक्सिजन मिळाला की ते नायट्रेटकडे बघतही नाहीत. सामूही अमोनियाचं नायट्रेट होण्यामुळेच उतरतोय. दर मिग्रॅ अमोनिया-नायट्रोजनमागे ७.१४ मिग्रॅ क्षारता (आम्ल झेलण्याची ताकद, कॅल्शियम कार्बोनेटमध्ये मोजलेली) खर्च होते. नायट्रेट काढलंत तर त्यातली निम्मी परत मिळते.

जलपर्णी: अ‍ॅनामॉक्स करा की, ऑक्सिजनशिवाय अमोनियाचा थेट वायू करणारे जिवाणू! रॉटरडॅमला २००२ पासून आहे, कार्बनही लागत नाही.

गाळमित्र: ते गाळ पिळून निघालेल्या कोमट, अमोनियाने भरलेल्या पाण्यासाठी. ते जिवाणू दुप्पट व्हायलाच दहा-बारा दिवस घेतात. यांचा नमुना उद्या आहे.

हिरवा_कोपरा: हे पाणी झाडांना घातलं तर? नायट्रेट म्हणजे खतच ना?

निवळी: त्यासाठी वेगळा धागा काढा. घाईत, अनॉक्सिक टाकीचं राहिलंच.

घाईत_आहे: आहे हो, पहिलीच. गाळ बसू नये म्हणून तिच्यातही हवा सोडतो. सगळेच सोडतात.

निवळी: इथेच घोडं पेंड खातंय. ती हवा बंद करा, मिक्सर चालवा. विरघळलेला ऑक्सिजन ०.५ च्या खाली हवा. आणि शेवटच्या टाकीतलं पाणी पहिलीत परत आणणारा पंप?

घाईत_आहे: पंप चालू आहे. मिक्सर बसवलेलाच नाही.

गाळमित्र: मग हवा आलटून पालटून द्या. थोडा वेळ बंद, मग गाळ उठण्यापुरती चालू. येणाऱ्या पाण्याचा बीओडी कळवा, म्हणजे नायट्रेट काढणाऱ्या जिवाणूंना खायला कार्बन किती आहे ते कळेल. कार्बन कमी असेल तर मिथेनॉल घालावं लागेल.

क्लोरीनवाला: म्हणजे मिथेनॉल चालतं, क्लोरीन तेवढं नको!

घाईत_आहे: बीओडी उद्या बघतो. पण नमुन्यापर्यंत नायट्रोजन उतरेल ना?

गाळमित्र: नाही.