एसआयपीचा सर्व्हे मेसमध्ये बसून भरलाय आणि गुरुवारी बँकेचा ड्राइव्ह आहे

बार्शीची_ज्वारी

नमस्कार. पुण्यात एमबीए फायनान्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आधी बार्शीतच बीकॉम केलं, मग सीईटी देऊन इकडे आले. गुरुवारी एका खासगी बँकेचा ड्राइव्ह, म्हणजे कॉलेजातच भरती, आहे. आधी त्यांचं प्रेझेंटेशन, मग ॲप्टिट्यूड, जीडी (ग्रुप डिस्कशन) आणि शेवटी इंटरव्ह्यू. ॲप्टिट्यूडची भीती नाही. जीडीत निदान दोनदा तोंड उघडायला शिकलेय. अडचण वेगळीच आहे, आणि ती कॉलेजात कुणापाशी बोलता येत नाही.

आमची एसआयपी, म्हणजे समर इंटर्नशिप, आठ आठवड्यांची असते. (बाबांना अजून वाटतं की मी दरमहा म्युच्युअल फंडात पैसे भरते.) मला एका शेअर ब्रोकरकडे मिळाली. पहिल्या दिवशी चहा पाजला, दुसऱ्या दिवशी टार्गेट दिलं: ३० डीमॅट, म्हणजे शेअर ठेवायची, खाती. ट्रेनिंग म्हणजे एक पीडीएफ. मी २३ उघडली. त्यातली १९ नात्यातली-ओळखीतली. आत्या, दोन मामा, मावशीचे दीर, बाबा ज्या अडतीवर दिवाणजी आहेत तिथले दोघं. मधल्या सुट्टीत बार्शीला जाऊन एका दिवसात सहा जणांचे आधार-पॅनचे फोटो काढून आणले होते.

आता खरी गोष्ट. ब्लॅक बुकचा, म्हणजे एसआयपीच्या प्रोजेक्ट रिपोर्टचा, विषय होता 'गुंतवणूकदारांचं समाधान', आणि गाइडना १०० फॉर्म हवे होते. माझ्याकडे खरे ३४. उरलेले ६६ मी आणि रूममेटने कर्वेनगरच्या मेसमध्ये दोन रात्री बसून भरले. तीन रंगांची पेनं होती, रूममेट मधूनमधून डाव्या हाताने लिहायची. माझे सगळे गुंतवणूकदार भलतेच समाधानी निघाले. पाचपैकी चार, फारच कंटाळा आला की तीन. काय-स्क्वेअर ही आकडेवारीची चाचणीसुद्धा सुरेख आली.

रिझ्युमेत आता लिहिलंय, '१०० गुंतवणूकदारांचं सर्वेक्षण व विश्लेषण'. प्लेसमेंटचे सर म्हणतात, 'कॉन्फिडन्सने बोल, कोण विचारतंय?' तक्ते पाठ करू, की काही वेगळं? आमच्याकडे एक ऑफर मिळाली की पुढच्या कंपन्यांना बसता येत नाही. आणि घरच्या परिस्थितीत मला ही पहिलीच हवी आहे.

---

विमाननगर_५०१

टेन्शन घेऊ नकोस. आमच्या बॅचला एकाने चिंचवडच्या बेकरीचा सर्व्हे नाशिकच्या वायनरीच्या नावावर खपवला होता, आज तो मॅनेजर आहे. तक्ते पाठ कर, नमुना कसा निवडला याचं एक वाक्य तयार ठेव, संपलं. त्यापेक्षा बँकेचं वाच. कासा (चालू आणि बचत खात्यांतल्या ठेवी) म्हणजे काय, रेपो (रिझर्व्ह बँकेचा बँकांना कर्ज द्यायचा दर) वाढला की कर्ज का महागतं, ९० दिवस हप्ता थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, कसं होतं. हे विचारतातच.

---

जुना_पॅनेलवाला

विमाननगरांचं शेवटचं वाक्य घे, पहिलं सोडून दे.

मी बँकेच्या सेल्समधून निवृत्त झालोय. पुणे, नाशिक, कोल्हापूरच्या कॉलेजांत बरीच वर्षं पॅनेलवर बसलो. ब्लॅक बुक आम्ही वाचत नाही हे खरंय. दिवसाला चाळीस पोरं असतात, कोण वाचणार? पण मी एक प्रश्न प्रत्येकाला विचारायचो: 'नाही कोण म्हणालं?'

ज्याने खरोखर दारोदार फिरून फॉर्म भरलेत त्याला हाकलून देणारी माणसं आठवतात. समाधानी माणूस नाही आठवत. कोल्हापूरच्या एका मुलीने गुळाच्या अडत्याचं सांगितलं होतं. तो तिचं सगळं ऐकून घेत होता आणि ऐकता ऐकता तिलाच ढेप उचलायला लावत होता. चार ढेपा झाल्यावर म्हणाला, 'बाई, मला काय समजलं नाही.' ती मुलगी घेतली आम्ही. आणि एक पठ्ठ्या म्हणाला, 'सर, कुणीच नाही म्हणालं नाही, शंभरपैकी शंभर भरले.' त्याचे तक्ते तोंडपाठ होते. मेसमध्ये भरलेल्या फॉर्मांत नकार नसतो गं. कारण नकाराला फॉर्मच नसतो.

तर ती रिझ्युमेतली ओळ आज रात्री काढ. तिथे लिही: '२३ डीमॅट खाती उघडली.' ती खरी आहेत ना? मग तोच तुझा प्रोजेक्ट. आता बुधवारपर्यंत एक काम कर. तेवीसही जणांना फोन लाव आणि विचार, खातं वापरलं का. नसेल तर का नाही. एनएसई, म्हणजे शेअर बाजार, चालू ग्राहक कुणाला म्हणते माहितीय? गेल्या १२ महिन्यांत ज्याने निदान एक सौदा केला त्याला. खातं उघडून देणारी पोरं ढीगभर आहेत. उघडलेलं खातं झोपून का राहतं, हे सांगणारा उमेदवार मला क्वचित भेटला. बँकेचाही रोग तोच आहे, फक्त तिथे खात्याचं नाव सेव्हिंग्ज असतं.

सर्व्हेबद्दल विचारलंच तर 'तो डेटा भरवशाचा नव्हता, म्हणून रिझ्युमेत ठेवला नाही' एवढं बोलून थांब. सारवासारव करू नकोस.

---

विमाननगर_५०१

काका, तुम्ही बोलताय ते तुमच्यासारखा माणूस समोर बसला तर ठीक. समोर दोन वर्षं झालेला एचआरवाला असला, तर 'डेटा भरवशाचा नव्हता' ऐकून तो पोरीला घरी पाठवेल. हे पण सांगा तिला.

---

जुना_पॅनेलवाला

पाठवेल, शक्य आहे. मी नोकरीची हमी दिलेली नाही.

---

ऑफरलेटर_वाचा

मूळ प्रश्न तो नाही, पण घरची परिस्थिती म्हणालीस म्हणून लिहितेय. मीही अशाच बँक सेल्समध्ये आहे, तुझ्याहून तीन बॅच आधीची. प्रेझेंटेशनमध्ये 'साडेसहा लाख' ऐकून मी घरी फोन केला होता आणि आईने पेढे वाटले होते. ते साडेसहा असे होते: व्हेरिएबल १,००,०००, टार्गेट झालं तर. राहिले ५,५०,०००. बेसिक त्याच्या निम्मं, २,७५,०००. कंपनीच्या वाट्याचा पीएफ बेसिकच्या १२ टक्के, ३३,०००, तोही याच आकड्यात धरलेला. ग्रॅच्युइटी ४.८१ टक्के, १३,२२८. मेडिक्लेम ८,०००. हे सगळं वजा जाऊन महिन्याला ४१,३१४. त्यातून माझ्या वाट्याचा पीएफ २,७५० आणि व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००). हातात ३८,३६४.

पगार वाईट नाही. पण मी ५४ हजारांच्या हिशोबाने बाणेरला फ्लॅट बघत होते. तू पॅनेलला नाही, प्रेझेंटेशन संपल्यावर 'प्रश्न आहेत का' म्हणतात तेव्हा विचार: फिक्स्ड किती, व्हेरिएबल किती, पोस्टिंग कुठे, बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याची अट) आहे का. शेजारची पोरं मान खाली घालतील, घालू देत.

---

बार्शीची_ज्वारी

काका, ओळ काढली. गेले तीन दिवस संध्याकाळी गॅलरीत उभी राहून फोन करतेय, रूममेट म्हणते कॉल सेंटर लागलंय का. २३ पैकी २१ जण बोलले. खातं वापरलं फक्त पाच जणांनी.

उरलेले सोळा: सहा जणांनी स्पष्ट सांगितलं, 'तू म्हणालीस म्हणून काढलं.' त्यात आत्या, तिला ॲप म्हणजे कोणतं तेच माहीत नाही. पाच जणांचा फोन नाहीतर नंबर बदललाय, ओटीपी जुन्या सिमवर जातो. तिघांनी शेजाऱ्याचा तोटा ऐकला आणि घाबरले. दोघांचं केवायसी अडकलंय. मला हे आठ आठवड्यांत कळलं नव्हतं. कारण खातं उघडलं की माझा आकडा वाढायचा आणि माझा त्या माणसाशी संबंध संपायचा.

आणि धाकटा मामा. वापरणाऱ्या पाचांत तो आहे. त्याने आधी 'चाललंय चाललंय' म्हटलं, मग दहा मिनिटांनी त्याचाच परत फोन आला, आवाज बारीक. बँक निफ्टीच्या ऑप्शनमध्ये ४० हजार घालवलेत. मामीला माहीत नाही. जीडीसाठी मी सेबीचा, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेचा, २०२४ चा आकडा पाठ केला होता, एफ अँड ओ (फ्युचर्स-ऑप्शन, म्हणजेच डेरिव्हेटिव्ह) करणाऱ्या १०० पैकी ९३ जणांना तीन वर्षांत तोटाच झाला. तो आकडा मी मॉक जीडीत दोनदा फेकलाय. मामाचा फॉर्म मीच भरला होता, त्यात डेरिव्हेटिव्हच्या चौकटीवर टिकही मीच केली होती. सगळे करतात म्हणून.

हे इंटरव्ह्यूत सांगू?

---

जुना_पॅनेलवाला

मामाचं नाव-गाव सोडून सांग. टिकचं सांग. रडू आलं तर पाणी माग, देतात.

---

बार्शीची_ज्वारी

गुरुवार झाला. उशिरा लिहितेय, माफ करा.

जीडीचा विषय यूपीआय आणि रोख होता, मी दोनदाच बोलले. प्रेझेंटेशननंतर ताईंचे चारही प्रश्न विचारायचे होते, धीर दोनाचाच झाला. फिक्स्ड ४.८ लाख आहे, पोस्टिंग महाराष्ट्रात कुठेही. इंटरव्ह्यूला एक सर आणि एक मॅडम. पहिली सात-आठ मिनिटं नुसतं बीकॉम, बार्शी, कासा. मला वाटलं एसआयपीवर येतच नाहीत. मग सर म्हणाले, '२३ खाती, छान.' मी म्हटलं, 'सर, त्यातली चालू पाच.' पुढे मी किती बोलले ते आठवत नाही. ओटीपीचं सांगितलं, आत्याचं सांगितलं, टिकचंही सांगितलं. सर काही लिहीत नव्हते. मॅडमनी एकच विचारलं, 'मग आमच्याकडे टार्गेट मिळालं तर काय करशील?' मी म्हटलं, 'टार्गेट करीन मॅडम, पण महिन्याने फोनही करीन.' त्या हसल्या. ते हसणं बरं होतं की वाईट, अजून कळत नाहीये. निकाल सोमवारी.

एक वेगळाच प्रश्न आहे. मामाला खातं बंद करायचंय, पण ब्रोकरच्या ऑफिसातला माणूस म्हणतो की बंद करायला चार्ज लागेल. खरंय का?

---

जुना_पॅनेलवाला

नाही. डीमॅट खातं बंद करायला चार्ज लावता येत नाही. आधीची वार्षिक फी किंवा काही थकबाकी असेल तर ती मात्र भरावी लागते. मामाला आधी सगळे सौदे मिटवायला सांग, शिल्लक रक्कम बँकेत काढून घ्यायला सांग, शेअर उरले असतील तर विकायला नाहीतर स्वतःच्याच दुसऱ्या डीमॅटमध्ये हलवायला सांग. मग क्लोजर फॉर्म द्यायचा. डीमॅट आणि ट्रेडिंग ही दोन्ही खाती बंद झाल्याचं लेखी घ्या. त्या माणसाने पुन्हा पैसे मागितले, तर कुठल्या नियमाने ते ईमेलवर लिहून दे म्हणावं.

फॉर्म या वेळी मामालाच भरू दे.