मदत हवी आहे: युद्धानंतरचे पोलीस आणि लाचखोरी
नमस्कार मंडळी, मी अमळनेरची, एमए राज्यशास्त्र करतेय, प्रोजेक्ट आहे युद्धातून सावरणाऱ्या देशांत पोलिसांची लाचखोरी कशी थांबवतात यावर. जॉर्जियाने २००४ मध्ये अख्खे ट्रॅफिक पोलीसच घरी पाठवले, नवी भरती केली, पगार वाढवला आणि रस्त्यावरची वसुली खरंच कमी झाली. अफगाणिस्तानात २००९ ला काही पोलिसांचा पगार मोबाईलवर दिला तर त्यांना वाटलं पगारवाढ झाली, म्हणजे आधी वरचे अधिकारीच कापून घेत होते, फार वाईट वाटलं वाचून. पण काढून टाकलेले, बंदूक चालवता येणारे पोलीस मग जातात कुठे? यावर मराठीत काही आहे का? आणि २००७ ला सीआरपीएफची महिला तुकडी संयुक्त राष्ट्रांच्या शांतता मोहिमेत, यादवी युद्धातून सावरणाऱ्या लायबेरियात (पश्चिम आफ्रिका) गेली होती, त्यात जळगाव-धुळ्याकडच्या कोणी ताई होत्या का? बोलायचंय त्यांच्याशी, प्लीज कळवा.