ट्राउटचा पहिला दिवस आणि काठावरची गर्दी : तुमचे अनुभव लिहा

व्हाळकर

काल गॅरेज आवरताना आप्पांचा निळा रेनकोट सापडला. खिशात गळांचं पाकीट, शिशाचे तीन मणी आणि मेणअळ्यांची रिकामी डबी. तिथेच खोक्यावर बसून राहिलो. पुढच्या शनिवारी इकडे पेनसिल्वेनियात ट्राउट माशांचा हंगाम उघडतोय, त्यामुळे जास्तच आठवण आली. म्हटलं लिहूया, आणि तुम्हा सगळ्यांकडूनही ऐकूया.

२०१४ चा मार्चअखेर. आई-आप्पा कुडाळजवळच्या आमच्या गावाहून पहिल्यांदाच आले होते. थंडीत घरात बसून आप्पा कंटाळलेले. शेजारी म्हणाला, शनिवारी ओपनिंग डे आहे, घेऊन चल त्यांना. सात दिवसांचं पर्यटक लायसन्स काढलं, वर ट्राउटचा वेगळा परवाना. आप्पांना हे काही पटेना. "व्हाळ कोणाचो मगे?" (व्हाळ म्हणजे ओढा) असं दुकानातून घरी येईपर्यंत तीनदा विचारलं. मला धड उत्तर देता आलं नाही.

विसाहिकन ओढ्यावर व्हॅली ग्रीनपाशी गेलो. पहाटे सहाला पार्किंग फुल्ल, गाडी लांब लावून चालत आलो. काठावर पाय ठेवायला जागा नाही. घडीच्या खुर्च्या, बादल्या, थर्मास, पायजम्यावर जाकीट चढवलेली पोरं, आजोबा, आज्या. सगळ्यांच्या हातात रॉड तयार, पण एकाचाही दोर पाण्यात नाही. आठ वाजेपर्यंत पाण्यात गळ टाकायचा नाही हा नियम. समोर डोहात मासे ढळढळीत दिसतायत, आणि शेकडो माणसं घड्याळाकडे बघत गप्प उभी. आप्पा कुजबुजले, "मासो दिसता हा आणि कोण हात लावीत नाय?" जन्मभर खाडीवर आणि व्हाळात मासे मारलेल्या माणसाला ही दीड तासाची शांतता फार विलक्षण वाटली. नंतर गावी गेल्यावर त्यांनी माशांचं कमी आणि त्या शांततेचंच जास्त सांगितलं.

आठ वाजले आणि सगळे दोर एकदम उडाले. पाच मिनिटांत आप्पांचा गळ डावीकडच्या दोघांच्या आणि उजवीकडच्या एका दाढीवाल्याच्या दोरात अडकला. मी शरमेने माफी मागतोय, दाढीवाला खिशातून कात्री काढतोय. आप्पांनी त्याचा हात धरला. खाली बसले, गुंता मांडीवर घेतला, आणि जाळी विणणारी ती बोटं... दोन-तीन मिनिटांत चारही दोर मोकळे. कात्री लागलीच नाही. दाढीवाल्याने वरच्या बाजूच्या मित्राला हाक मारली, तो आपला गुंता घेऊन आला. मग आणखी एक बाई आल्या. नंतर एक मुलगा रीळच्या रीळ घेऊन आला. इंग्रजीचा एक शब्द नाही, पण दहा वाजेपर्यंत आप्पा एका दगडावर बसून लोकांच्या गाठी सोडवत होते. स्वतः मासा धरला फक्त एक. घरी आणले पाच, चार लोकांनी दिलेले.

आप्पा जाऊन तीन वर्षं झाली. लिहा तुम्ही.

मंजिरी_मिसूरी

वाचून डोळे भरले.. आप्पांना नमस्कार.

आमच्याकडे १ मार्च. शनिवार-रविवार काही बघत नाहीत, १ मार्च म्हणजे १ मार्च. बेनेट स्प्रिंगला नवऱ्याच्या ऑफिसातले सगळे जातात. साडेसहाला भोंगा वाजतो आणि सुरू!! आदल्या रात्रीच जाऊन राहावं लागतं. झऱ्याचं पाणी वर्षभर साधारण १३-१४ अंश आणि बाहेर गोठणारी थंडी, त्यामुळे पहाटे सगळ्या ओढ्यातून वाफ निघत असते. त्या वाफेत कमरेएवढ्या पाण्यात उभी माणसंच माणसं. रॉडच्या कड्यांत बर्फ धरतो, तो तोंडाने फुंकून फुंकून काढायचा.

पहिल्या वर्षी मी माझं आमिष घेऊन चुकीच्या पट्ट्यात उभी होते. तिथे ओढ्याचे तीन पट्टे आहेत, वरच्यात फक्त कृत्रिम माशी चालते. एका आजोबांनी हळूच येऊन सांगितलं, पोरी इथे हे चालत नाही, चल. आणि स्वतःची धरून ठेवलेली जागा सोडून मला खालपर्यंत पोचवायला आले. परत गेले तेव्हा त्यांच्या जागी दुसरंच कोणी उभं होतं. मला अजून वाईट वाटतं त्याचं.

बाळ उठलं, बाकी नंतर

कोकणकडा७

गर्दी म्हणाल तर आमच्याकडची चढण (पावसात मासे प्रवाहातून वर चढतात ती) बघा. पहिला मोठा पाऊस पडला की रात्री बत्त्या, कोयते, जाळी घेऊन अख्खी वाडी शेतात. मळे, खवळ, शिंगटी.. लहानपणी आम्ही नुसत्या टोपलीने धरले आहेत.

पण एक विचारतो, राग नको. हे ट्राउट आदल्या आठवड्यात टाकीच्या गाडीतून आणून सोडतात ना? मग ते पकडण्यात काय ते? आमचा मासा तरी स्वतःच्या पायाने येतो

व्हाळकर

@कोकणकडा७ राग कशाला. हा प्रश्न आप्पांनीही विचारला होता, गाडीत बसल्या बसल्या.

सुगरण_नाही_मी

स्वतःच्या पायाने येणारा मासा, हे वाचून आमच्या घरात सगळे हसले :)

ट्राउटचं करता काय पण तुम्ही लोक? नवऱ्याने मागच्या वर्षी चार आणले, मी कालवण केलं, सगळं विरघळून गेलं.

सुरमईप्रेमी

कालवण नको!! मांस फार मऊ. काटा न काढता अख्खा ठेवायचा, आतून-बाहेरून मीठ, हळद, तिखट, आलं-लसूण आणि कोकमाचं आगळ, अर्धा तास. मग रवा-तांदळाचं पीठ लावून तव्यावर. कातडी कुरकुरीत होईस्तोवर उलटायचा नाही. खवलं इतकी बारीक असतात की काढायचीही गरज नाही.

बादलीवाली

कोकणकडा, मी पाच वर्षं मासे सोडायच्या गाडीबरोबर स्वयंसेवक म्हणून जातेय, म्हणून सविस्तर लिहिते.

हो, सोडलेलेच असतात. पेनसिल्वेनियात दरवर्षी तीसेक लाख मोठे ट्राउट असे सोडतात. गाडी पुलावर थांबते, आम्ही बादल्या घेऊन रांगेत उभे. एक बादली भरली की धावत पाण्यापर्यंत. सगळे एकाच डोहात ओतले तर तिथेच राहतात, म्हणून वर-खाली चालत जाऊन थोडे थोडे सोडायचे. फेब्रुवारी-मार्चमधलं पाणी, बोटं बधिर होतात. पैसा मुख्यतः लायसन्स आणि परवान्यांतून येतो.

यातल्या बऱ्याच ओढ्यांचं पाणी जुलै-ऑगस्टमध्ये इतकं तापतं की ट्राउट तगत नाही. तो थंड पाण्याचा मासा आहे. म्हणजे आपण सोडले नाहीत तर तिथे ट्राउट नसतोच. जिथे जंगली ट्राउट स्वतः वाढतो असे चांगले ओढे वेगळे आहेत, आणि तिथे ही गर्दी जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. या गर्दीला शहराजवळ, बसने जाता येईल असा ओढा मिळतो, हे मला महत्त्वाचं वाटतं. माझ्या बादलीतला मासा धरून एखादं सात वर्षांचं पोर किंचाळतं तेव्हा मी काठावर उभी असते. त्यात पराक्रम नसेल. मला तो आवाज पुरतो.

आणि चढणीचे मासे पोटात अंडी घेऊन वर येतात हो. तिथे सगळी वाडी कोयते घेऊन उतरते, त्याचाही विचार करायला हवा. माझं माहेर माणगावचं, आमच्याकडे वलगण म्हणतात. आता पूर्वीसारखे मासे येत नाहीत असं भाऊ सांगतो.

कोकणकडा७

खरंय तुमचं. आमच्या वाडीत दोन वर्षांपूर्वी ठरवलंय, पहिले दोन दिवस कोणी उतरायचं नाही. सगळे पाळत नाहीत पण निम्मे पाळतात. माहिती मस्त दिलीत, धन्यवाद ताई

एडिसनकर

न्यू जर्सी. आमच्याकडे तेव्हा आधी तीन आठवडे मासे सोडायचे ओढे बंद असायचे, मग शनिवारी सकाळी ८ ला उघडायचे. सोसायटीतली सहा मुलं घेऊन मी एकटा गेलो होतो मस्कोनेटकाँग नदीला. सहा मुलं, सहा रॉड. दर दोन मिनिटांनी "काकाऽ अडकला". माझा स्वतःचा दोर चार तासांत एकदाही पाण्यात गेला नाही. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थाच्या दोरात आमच्या मुलाने तीनदा गळ अडकवला. तिसऱ्यांदा त्यांनी शांतपणे स्वतःचाच दोर कापला, त्याचा ठेवला. मुलगा रडायला लागला तर म्हणाले, तुझा पहिला दिवस आहे, माझा साठावा.

तो मुलगा आता कॉलेजात आहे. दर वर्षी फोन करून विचारतो, काका यंदा जाताय ना.

पाऊलवाट

२०२० चं कोणी लिहिलंच नाही अजून.

त्या वर्षी पेनसिल्वेनियात हंगाम १८ एप्रिलला सुरू व्हायचा होता. ७ एप्रिलला, मंगळवारी सकाळी, मासेमारीच्या सरकारी कमिशनने अचानक जाहीर केलं की आठ वाजल्यापासून सगळीकडे सुरू. आधी काही सांगितलं नाही, मुद्दामच, करोनात गर्दी होऊ नये म्हणून. मी घरून काम करत होतो. मेसेज बघितला तेव्हा नऊ वाजून गेले होते. जेवणाच्या सुट्टीत ओढ्यावर गेलो.

कोणी नाही. ज्या वळणावर दर वर्षी मी, रुंद खांद्यांचा जो नावाचा गडी, त्याचा मेहुणा आणि ती शिट्टी वाजवणारी नर्स असे चिकटून उभे राहायचो, तिथे मी एकटा. लांब वर एक माणूस होता, त्याने हात केला, मी हात केला. पहिल्याच फेकीला मासा लागला. दुसऱ्या फेकीला लागला. वर्षानुवर्षं म्हणायचो की इथे कोणी नसतं तर किती मजा आली असती. पाच मासे अर्ध्या तासात झाले आणि मला तिथे थांबवेना. घरी येऊन जोला फोन केला. त्याच्याशी फोनवर बोलायची ती पहिलीच वेळ. नंबर सात वर्षांपूर्वी घेतलेला होता, एका गुंत्याच्या वेळी.

पुढच्या वर्षी जो आला. मेहुणा नव्हता. त्याच्या जागेवर कोणी उभं राहिलं नाही, आम्ही दोघांनी थोडं थोडं सरकून ती मोकळी ठेवली. गर्दी होती तरी कोणी काही बोललं नाही.

मंजिरी_मिसूरी

पाऊलवाट.. काय लिहू.

एडिसनकर

निःशब्द.

ससून_डॉक_शेजारी

आमच्याकडे ओपनिंग डे म्हणजे १ ऑगस्ट! १ जून ते ३१ जुलै ६१ दिवस बंदी, मग होड्या सुटतात. बर्फाच्या गाड्या, डिझेलच्या रांगा, धक्क्यावर आरडाओरडा. बाबा तांडेल (होडीचे प्रमुख) होते. आई दोन दिवस आधीपासून जेवण नीट करायची नाही. दर्या शांत झालेला नसतो हो त्या वेळी.

विषय सोडून लिहिलं, पण पहिला दिवस म्हटलं की मला हेच आठवतं.

व्हाळकर

विषय सोडून अजिबात नाही. लिहा अजून.

थंडीचा_मारा

न्यूयॉर्क, रॉस्को, बीव्हरकिल नदी, १ एप्रिल. बर्फवृष्टी. बर्फ वितळून आलेलं पाणी, मासे तळाशी निपचित. शंभर माणसं, मासे शून्य. सूप उत्तम. परत जाणार.

चिमणी_आई

कोणी तो पिवळाधम्मक मासा बघितलाय का? गोल्डन रेनबो, इकडे पालोमिनो म्हणतात. सगळ्या डोहात एकच होता आणि हळदीसारखा चमकत होता. पन्नास जण त्याच्यावरच गळ टाकतायत, तो सगळ्यांच्या मधून फिरतोय, बघतपण नाही. माझी लेक (तेव्हा ६) त्याला "पळ, पळ" म्हणून ओरडत होती. आजूबाजूची माणसं आधी हसली, मग अर्धी तिच्या बाजूने ओरडायला लागली. आम्ही निघेपर्यंत तरी कोणाला लागला नव्हता.

@सुरमईप्रेमी आगळ इथे कुठे मिळतं? माझं संपलं

सुरमईप्रेमी

आगळ नसेल तर आमसुलं गरम पाण्यात भिजवून कुस्करा. लिंबू नको, चव बदलते.

तीर्थनच्या_काठी

हिमाचलात पण १ मार्चला उघडतो, नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंद. तीर्थन नदीला गेलो होतो ट्रेकच्या निमित्ताने. पुलावर आम्ही पुण्याचे चौघे आणि दोन गावकरी, इतकीच गर्दी. ब्राऊन ट्राउट इंग्रजांनी आणून सोडलेला. म्हणजे तोही बादलीतूनच आलेला म्हणायचा, फक्त शंभर वर्षांपूर्वी.

सुगरण_नाही_मी

केला! आत्ता! कातडी कुरकुरीत झाली! सासूबाईंनी दुसरा मागून घेतला. सुरमईप्रेमी तुमचे उपकार.

एडिसनकर

व्हाळकर, यंदा परत आठ पोरं नेतोय. आप्पा गुंता नेमका कसा सोडवायचे ते लिहा ना. कात्रीने कापून कापून माझा सगळा दोर संपतो.

व्हाळकर

@एडिसनकर मला जमतं तितकं सांगतो.

आधी सगळ्यांना रॉड खाली ठेवायला लावायचं. कोणी ओढलं की गाठ बसली. आप्पा पहिल्यांदा सगळ्यांचे हात बाजूला करायचे. मग गळ शोधून काढून टाकायचे, कारण गळ आत असेपर्यंत काही सुटत नाही आणि बोटात घुसतो तो वेगळाच. मग गुंता पाण्यात बुचकळायचा. ओला दोर सरकतो. मग दोन्ही हातांनी तो कापसासारखा फुगवायचा, सगळ्या बाजूंनी सैल करत. टोक शोधायच्या मागे लागायचं नाही. फुगवता फुगवता मोठे वेढे आपोआप बाहेर येतात, ते एकेक करून काढायचे. बहुतेक वेळा आत गाठ नसतेच, नुसते वेढे असतात.

बसायला एक सपाट दगड बघून ठेवा. व्हॅली ग्रीनच्या पुलाखाली डाव्या हाताला एक आहे, पण तुम्ही तर मस्कोनेटकाँगला जाणार. मी शनिवारी त्याच दगडापाशी असेन, पहाटे पाचपासून. निळा रेनकोट घालून. कोणी जवळपास असाल तर गुंता घेऊन या.