पंधरा वर्षांची ऑडी टीटी : देखभालीसाठी वर्षाला किती रक्कम धरावी?

प्रश्न : टिळकवाडी, बेळगाव

नमस्कार. पुण्यातील एका गृहस्थांकडची २०११ सालची ऑडी टीटी, दोन लिटर टीएफएसआय (टर्बो पेट्रोल इंजिन) क्वाट्रो (चारही चाकांना जोर देणारी), मी पाहून आलो असून व्यवहार साडेनऊ लाखांवर येऊन थांबला आहे. गाडी ६८,००० किलोमीटर चाललेली आहे आणि रंग व आसने पाहता तिचे वय जाणवत नाही. माझे रोजचे जाणे-येणे दुसऱ्या गाडीने होते. ही गाडी रविवारी, आणि पाऊस सरल्यावर चोर्ला घाटातून गोव्यापर्यंत, म्हणजे वर्षाला फार तर चार हजार किलोमीटर चालेल. देखभालीसाठी मी वर्षाला ५०,००० रुपये धरले आहेत. वडिलांच्या मते ही चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला आहे. गाडी घ्यावी की नाही, हे मी विचारत नाही, कारण ती मी बहुधा घेणारच. बेळगाव, निपाणी, चिकोडी भागात राहून ज्यांनी अशी गाडी सांभाळली आहे, त्यांनी माझा आकडा कितपत खरा आहे ते सांगावे, ही विनंती.

उत्तर : निपाणी

५०,००० हा आकडा आपण खरेदीच्या किमतीकडे पाहून काढलेला दिसतो आणि गफलत नेमकी तिथेच होते. गाडीची किंमत वर्षागणिक उतरते, सुट्या भागांची उतरत नाही. नवी असताना ज्याच्या ऐपतीची ती गाडी होती, त्याच्याच ऐपतीचे दर आजही दुकानात मोजावे लागतात.

माझ्याकडे दुसऱ्या एका युरोपीय कंपनीची दोन आसनी गाडी चार वर्षे होती आणि तिचा हिशेब मी वहीत लिहीत असे. पहिल्या वर्षी ३,४०,००० रुपये गेले. त्यात टायर, पुढच्या ब्रेकच्या चकत्या, गिअरबॉक्सचे तेल, वॉटर पंप आणि सस्पेन्शनचे आर्म होते. म्हणजे आधीच्या मालकाने जे जे पुढे ढकलले होते, ते सगळे माझ्या अंगावर आले. दुसऱ्या वर्षी ७०,०००, तिसऱ्या वर्षी १,८५,००० आणि चौथ्या वर्षी ५५,००० लागले. एकूण साडेसहा लाख, आणि गाडी चालली १६,००० किलोमीटर. विमा आणि पेट्रोल सोडून किलोमीटरला चाळीस रुपये पडले. आपण धरलेल्या रकमेच्या जवळ जाणारे एकच वर्ष या वहीत आहे, हे आपल्या लक्षात येईल. म्हणून खरेदीच्या वेळीच अडीच ते तीन लाख वेगळे काढून ठेवावेत आणि त्यानंतर दरमहा साधारण साडेआठ हजार रुपये एका स्वतंत्र खात्यात टाकत जावे. एखाद्या वर्षी खर्च कमी झाला, तरी त्या खात्याला हात लावू नये.

गाडी कमी चालणार म्हणून खर्च कमी येईल, असेही धरू नये. ब्रेकचे तेल हवेतील ओल शोषून घेते, त्यामुळे ते दर दोन वर्षांनी बदलावे लागते, मग गाडी चालो अथवा न चालो. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. माझ्या गाडीवर २३१४ असे होते, म्हणजे २०१४ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला माल. नक्षी नव्यासारखी होती, पण रबर इतके कडक झाले होते की नख रुतत नव्हते. तिसऱ्या वर्षीचा मोठा खर्चही गाडी उभी राहिल्यामुळेच झाला. आषाढापासून दीड महिना ती पत्र्याच्या शेडमध्ये होती, आणि बॉनेट उघडले तेव्हा बॅटरीच्या ट्रेवर भुईमुगाच्या टरफलांचा ढीग अन् त्याखाली उंदरांनी कुरतडलेली वायरिंग सापडली.

उत्तर : उद्यमबाग, बेळगाव

निपाणीच्या काकांचा हिशेब मला मान्य आहे, फक्त पहिले तीन लाख पहिल्याच महिन्यात उडवू नयेत. आधी तेले, ब्रेक आणि टायर करावेत; मग दोन-तीन महिने गाडी चालवून बाकीचे ठरवावे.

या गाडीपुरती एक जमेची बाजू अशी की तिच्या इंजिनाचे घराणे आणि स्कोडा लॉरा व सुपर्ब यांच्या १.८ टीएसआय इंजिनाचे घराणे एकच आहे, त्यामुळे ते उघडलेले हात आपल्या भागातही मिळतात. मात्र त्या घराण्याचे दुखणेही सोबत येते. वॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ राखणाऱ्या टायमिंग साखळीचा ताण सांभाळणारा टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो. जुन्या रचनेचा टेन्शनर इंजिन बंद असताना मागे सरकला, तर साखळी दात चुकते, वॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि मग दुरुस्तीचे नव्हे, इंजिन बदलण्याचेच बोलावे लागते. सुधारित टेन्शनर २०१२ च्या सुमारास आला, म्हणजे ही गाडी त्याच्या आधीची आहे. खालच्या टायमिंग कव्हरवरचे बूच काढले की आत जुना आहे की नवा ते दिसते. जुना निघाल्यास साखळीसह सगळा संच बदलण्याचे सव्वा ते दीड लाख व्यवहारातूनच वजा करून घ्यावेत.

एस-ट्रॉनिक या स्वयंचलित गिअरबॉक्सचे तेल ६०,००० किलोमीटरला बदलायचे असते. गाडी ६८,००० वर आहे, तेव्हा त्याची पावती मागावी. मागच्या चाकांना जोर देणाऱ्या हॅल्डेक्स जोडणीचे तेल वेगळे असते आणि ते बहुतेकांच्या ध्यानीमनीही नसते. या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जात असल्याने वॉल्व्हची पाठ कधी धुतली जात नाही आणि तिथे काजळी साठते. अक्रोडाच्या टरफलांची भुकटी हवेच्या दाबाने मारून ती काढतात. त्यात ही गाडी वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनलेली नाही, म्हणून इंधनाच्या रबरी नळ्या वर्षातून एकदा हाताने दाबून, वाकवून पाहाव्यात.

आमच्या उद्यमबागेत लेथवर काहीही करून मिळते, असे लोक अभिमानाने सांगतात. ब्रॅकेट किंवा स्पेसर खुशाल करून घ्यावा. स्टिअरिंग आणि ब्रेकचा भाग मात्र करून घेऊ नये, हे मी स्वतः लेथवर उभा राहणारा माणूस म्हणून सांगतो. गाडी वाटेत बंद पडली तर फ्लॅटबेडच (अख्खी गाडी वर चढवून नेणारा ट्रक) मागवावा, कारण क्वाट्रो गाडीची दोनच चाके उचलून ओढत नेल्यास जोडणी खराब होते. कणकुंबीच्या पुढे असा प्रसंग आला, तर त्या एका फेरीचा खर्चही खात्यात धरलेला बरा.

उत्तर : चिकोडी

यंत्राबद्दल वर पुरेसे आले आहे. मी कागदांचे सांगतो, कारण या गाडीच्या बाबतीत तो खर्च यंत्राइतकाच मोठा होऊ शकतो. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, म्हणजे २०११ च्या गाडीची मुदत २०२६ मध्ये संपते. १ एप्रिल २०२२ पासून १५ ते २० वर्षांच्या गाडीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क साध्या मोटारीला ५,००० रुपये, पण आयात केलेल्या चारचाकीला ४०,००० रुपये आहे. आरसीवर गाडी आयात म्हणून नोंदलेली आहे का, ते आधी पाहावे. शिवाय नूतनीकरण पुण्यातच करून देण्याची अट विक्रेत्याला घालावी, नाहीतर फिटनेस तपासणीची धावपळ आपल्या गळ्यात पडेल.

दुसरे असे की परराज्यातील गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे ठेवल्यास केए-२२ वर (बेळगाव आरटीओकडे) नोंदवावी लागते. त्यासाठी पुण्याची एनओसी (ना हरकत दाखला) आणि कर्नाटकचा आजीवन कर लागतो. नव्या महागड्या मोटारीला हा कर १८ टक्के आहे. जुनीला वयानुसार कमी होतो, पण तो मोजतात गाडीच्या मूळ किमतीवर, आपल्या साडेनऊ लाखांवर नव्हे. महाराष्ट्रात भरलेल्या कराचा परतावा मूळ नोंदणीच्या आरटीओकडे स्वतंत्रपणे मागावा लागतो. सीमाभागात दोन्हीकडे नातीगोती असल्याने पुष्कळ जण वर्षानुवर्षे एमएच पाटीवरच फिरतात, परंतु तो दंड एक दिवस भरावा लागतोच.

विम्यात १५०० सीसीवरील मोटारीचा तृतीय पक्ष हप्ता वर्षाला ७,८९७ रुपये आहे. इतक्या जुन्या गाडीला झीरो डेप (भागांची झीज वजा न करता भरपाई देणारे कलम) सहसा मिळत नाही, तेव्हा गळीत हंगामात उसाच्या ट्रॉलीने बंपर घासला तर प्लास्टिकच्या भागाची निम्मी किंमत खिशातून जाईल, असे धरून चालावे.

प्रश्नकर्ता : टिळकवाडी

सर्वांचा मनापासून आभारी आहे. काल विक्रेत्यांशी फोनवर बोललो. टायरवर ४११७ असा आकडा आहे, गिअरबॉक्सच्या तेलाची पावती सापडत नाही आणि टेन्शनर कधी पाहिलेलाच नाही. नोंदणीचे नूतनीकरण करून द्यायला ते तयार आहेत. मी आठ लाखांवर आलो, ते पावणेनऊवर आहेत. शुक्रवारी पुण्यात मुक्काम करून शनिवारी सकाळी सहा वाजता, इंजिन गार असताना, मेकॅनिकला घेऊन जाणार आहे. वर्षाचा आकडा एक लाख धरला असून वडिलांना अद्याप सांगितलेला नाही.

उत्तर : उद्यमबाग, बेळगाव

दादा, चावी फिरवण्याआधी बॉनेटवर हात ठेवून पाहा. कोमट लागले, तर गाडी कुणीतरी आधीच सुरू करून ठेवली आहे असे समजा आणि त्या दिवशी किमतीचे बोलू नका. रविवारी सकाळी न कळवता पुन्हा जा. गार असेल, तर सुरू केल्यावरचे पहिले दोन-तीन सेकंद काच खाली करून नीट ऐका. डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज आला, तर तो साखळीचा.